बारावीचं अर्थशास्त्र पेन्सिल हातात धरून कसं शिकायचं

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचा भाव चढतो, आणि तरीही लोक रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त झेंडू घेतात. मग किंमत वाढली की मागणी घटते, हा मागणीचा सिद्धांत खोटा ठरला का?

कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवताना बारावीच्या वर्गात मी हा प्रश्न सुरुवातीलाच विचारते. मागणीचा सिद्धांत शब्दशः पाठ असलेली मुलंसुद्धा ‘हो, हा अपवाद आहे’ असं सांगून मोकळी होतात. हा अपवाद नाही. सिद्धांताच्या पहिल्याच ओळीत ‘इतर परिस्थिती कायम असताना’ असे शब्द आहेत आणि दसऱ्याला इतर परिस्थिती कायम नसते. सण आला म्हणून लोकांची गरजच बदलली. भाव चढल्यामुळे झेंडू जास्त खपला असं झालेलं नाही. गरज वाढल्यामुळे मागणी वाढली आणि त्यामुळे भाव चढला.

हे चार शब्द ज्याला कळले त्याचं निम्मं पुस्तक सोपं होतं, असं मी जबाबदारीने सांगते. हा लेख राज्य मंडळाच्या बारावी कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांसाठी आहे. अकरावीच्या मुलांसाठीही यात काही गोष्टी आहेत. वाचताना एक वही, पेन्सिल आणि पट्टी जवळ ठेवा, कारण मध्ये मध्ये थांबून काढायचं आणि मोजायचं आहे.

आधी पुस्तक उलगडून बघा

अभ्यासाच्या पहिल्या दिवशी काहीही पाठ करू नका. बालभारतीच्या पुस्तकाची अनुक्रमणिका उघडा. बारावीला दहा प्रकरणं आहेत: सूक्ष्म व स्थूल अर्थशास्त्राचा परिचय, उपयोगिता विश्लेषण, मागणी आणि तिची लवचिकता, पुरवठा, बाजाराचे प्रकार, निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न, सार्वजनिक वित्त व्यवहार, नाणे बाजार व भांडवल बाजार आणि विदेशी व्यापार.

यांचे तीन गट पडतात. उपयोगितेपासून बाजाराच्या प्रकारांपर्यंतची प्रकरणं एकाच साखळीतल्या कड्या आहेत. ती सलग, एकापाठोपाठ एकच करावीत. निर्देशांक आणि राष्ट्रीय उत्पन्न यांत आकडे आहेत. शेवटची तीन प्रकरणं वर्तमानपत्राशी जोडलेली आहेत आणि ती वर्षभर थोडी थोडी करता येतात. पहिल्या प्रकरणात मात्र फार अडकून पडू नका. ‘सूक्ष्म’ आणि ‘स्थूल’ हा भेद १९३३ मध्ये रॅग्नर फ्रिश यांनी रूढ केला आणि केन्स यांचा ‘सामान्य सिद्धांत’ हा ग्रंथ १९३६ चा, एवढं लक्षात ठेवून पुढे जा. बाकीची प्रकरणं झाल्यावर तेच प्रकरण अर्ध्या तासात कळतं.

वाणिज्य शाखेत एक चूक सर्रास होते. पुस्तपालन आणि चिटणिसाची कार्यपद्धती यांत वर्ष जातं आणि ‘इको शेवटच्या महिन्यात वाचून होईल’ असं ठरतं. वाचून होईलही, पण आकृती काढण्याची आणि ‘सकारण सहमत-असहमत’ लिहिण्याची सवय महिन्याभरात लागत नाही. आठवड्याला चार तास दिलेत तरी पुरे, पण ते जूनपासून द्या.

एकच यादी तीनदा पाठ करू नका

मागणीच्या प्रकरणात मुलं तीन याद्या वेगवेगळ्या पाठ करतात: मागणी निर्धारित करणारे घटक, मागणीच्या सिद्धांताची गृहीतके, आणि मागणीत वृद्धी किंवा ऱ्हास होण्याची कारणं. आता वहीत तीन रकाने आखा आणि या तिन्ही याद्या शेजारी शेजारी लिहा.

उत्पन्न, लोकसंख्या, पर्यायी वस्तूच्या किमती, पूरक वस्तूच्या किमती, आवडीनिवडी, भविष्यातल्या किमतीचा अंदाज, कर. तिन्ही रकान्यांत जवळपास हेच उतरेल. याचं कारण साधं आहे. मागणी ज्या ज्या गोष्टींवर अवलंबून असते त्या सगळ्या एकाच वेळी बदलू दिल्या, तर कशाचा परिणाम काय झाला हे कळणार नाही. म्हणून सिद्धांत एक किंमत तेवढी मोकळी सोडतो आणि बाकी सगळं बांधून ठेवतो. बांधून ठेवलेल्या गोष्टी म्हणजे गृहीतके. त्यातली एखादी सुटली, की संपूर्ण मागणी वक्रच उजवीकडे किंवा डावीकडे सरकतो.

आता झेंडूची आकृती काढा. उभ्या अक्षावर किंमत, आडव्या अक्षावर मागणी. डावीकडून उजवीकडे खाली उतरणारा वक्र काढा. हा एरवीचा दिवस. किंमत किलोला ६० रुपयांवरून ४० वर आली आणि लोकांनी जास्त फुलं घेतली, तर आपण याच वक्रावरून खाली सरकलो. हा मागणीचा विस्तार. याउलट गेलो तर संकोच. दसऱ्यासाठी पहिल्या वक्राच्या उजवीकडे दुसरा वक्र काढा. ६० रुपयांनाही आता जास्त मागणी, ८० रुपयांनाही जास्त. ही मागणीतील वृद्धी. वक्र डावीकडे सरकला तर ऱ्हास.

‘विस्तार आणि वृद्धी यांतला फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न परीक्षेत वारंवार दिसतो. वहीत या दोन आकृत्या स्वतः काढलेल्या असतील, तर उत्तरासाठी पाठांतर लागत नाही. विस्ताराचं कारण किंमत आणि वक्र तोच. वृद्धीचं कारण किंमत सोडून इतर घटक आणि वक्र नवा.

संकल्पनांची वही

एक शंभर पानी वही फक्त संकल्पनांसाठी ठेवा. एका पानावर एकच संकल्पना. वर नाव, खाली पुस्तकातली व्याख्या जशीच्या तशी, त्याखाली तुमच्या शब्दांत दोन ओळी आणि शेवटी तुमच्या गावातलं किंवा घरातलं उदाहरण. उदाहरण सापडत नसेल तर ती संकल्पना अजून कळलेली नाही असं समजून पुन्हा वाचा.

साठा आणि पुरवठा यांचं बघा. नाशिक जिल्ह्यातल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. चाळीत भरून ठेवलेला सगळा कांदा म्हणजे साठा. भाव बरा दिसला म्हणून त्यातला जेवढा ट्रॅक्टरमध्ये भरून लासलगावच्या बाजार समितीत नेला, तेवढा पुरवठा. भाव पडला तर शेतकरी चाळ उघडत नाही, म्हणजे साठा भरपूर आणि पुरवठा कमी. कोथिंबिरीला मात्र असं थांबता येत नाही. नाशवंत मालात साठा आणि पुरवठा जवळपास एकच होतात. पडेल त्या भावाने ती विकावी लागते, म्हणून पुरवठ्याच्या सिद्धांताच्या अपवादांत नाशवंत वस्तू येतात. ज्या शेतकऱ्याला सोसायटीचं कर्ज फेडायला आजच रोख रक्कम हवी, तो भाव पडलेला असतानाही कांदा काढतो. हा आणखी एक अपवाद. एका चाळीतून तीन मुद्दे निघाले.

याच वहीत शब्दाशेजारी त्याचं इंग्रजी रूप देवनागरीत किंवा रोमन लिपीत लिहून ठेवा: सीमांत उपयोगिता म्हणजे मार्जिनल युटिलिटी, लवचिकता म्हणजे इलॅस्टिसिटी, अल्पाधिकार म्हणजे ऑलिगोपॉली. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पदवीला किंवा सीए फाउंडेशनच्या तयारीत विषय अडत नाही, शब्द अडतात. हे काम बारावीतच उरकलं तर पुढचं पहिलं सत्र सोपं जातं.

आकृत्या: रोज दोन, न बघता

अर्थशास्त्रात उभ्या अक्षावर किंमत आणि आडव्या अक्षावर नग असतात. गणितातून आलेल्या मुलांना हे उलटं वाटतं, आणि तसं वाटणं बरोबर आहे. गणिताच्या सवयीप्रमाणे कारण आडव्या अक्षावर असतं. ॲल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या ग्रंथात किंमत उभ्या अक्षावर घेतली आणि ती पद्धत रूढ झाली. एवढं कारण कळलं की अक्षांची गफलत कायमची थांबते.

आकृती काढण्याचा क्रम पक्का ठेवा. आधी दोन अक्ष, आरंभबिंदू, अक्षांची नावं आणि एकक. मग तक्त्यातले बिंदू, मग बिंदू जोडणारा वक्र, मग वक्राचं नाव. त्याखाली तीन ओळींचं स्पष्टीकरण: आडव्या अक्षावर काय, उभ्या अक्षावर काय, वक्राचा उतार कोणता आणि तो काय सांगतो. सुंदर वक्र काढून अक्षांना नावच न देणारी मुलं दरवर्षी भेटतात. नाव नसलेली आकृती परीक्षकाला काहीच सांगत नाही.

घटत्या सीमांत उपयोगितेच्या सिद्धांतापासून सुरुवात करा. भुकेल्या माणसाने एकामागून एक वडापाव खाल्ले असं समजा. एकूण उपयोगिता, म्हणजे खाण्यातून मिळालेलं समाधान, अशी मिळाली: १०, १८, २४, २८, ३०, ३०, २८. सीमांत उपयोगिता म्हणजे शेवटच्या नगाने घातलेली भर. ती स्वतः काढा: १०, ८, ६, ४, २, ०, उणे २. आता दोन्ही वक्र एकाच आकृतीत काढा आणि एका गोष्टीकडे नीट बघा. सीमांत उपयोगिता घटत असताना एकूण उपयोगिता वाढतच असते, फक्त कमी वेगाने वाढते. सीमांत शून्य झाली तिथे एकूण सर्वाधिक असते. सीमांत ऋण झाली की एकूण उतरू लागते. ‘सीमांत घटते म्हणजे एकूणही घटते’ ही चूक विधान-तर्काच्या प्रश्नात हटकून होते. ज्याने स्वतः वजाबाकी करून वक्र काढला त्याच्याकडून ती होत नाही.

लवचिकता: दोन बाजूंनी पडताळा

मुलं सगळ्यात जास्त घाबरतात ती या प्रकरणाला. सूत्र एवढंच आहे: मागणीतील शेकडा बदल भागिले किमतीतील शेकडा बदल.

एका वस्तूची किंमत ४० रुपयांवरून ४४ झाली आणि मागणी ५० नगांवरून ४८ वर आली. किंमत १० टक्क्यांनी वाढली, मागणी ४ टक्क्यांनी घटली. ४ भागिले १० म्हणजे ०.४. एकपेक्षा कमी, म्हणून कमी लवचीक मागणी. मीठ, औषध, गॅस सिलिंडर अशा वस्तू इथे बसतात. आता तेच एकूण खर्च पद्धतीने बघा. आधीचा खर्च ४० गुणिले ५०, म्हणजे २,०००. नंतरचा ४४ गुणिले ४८, म्हणजे २,११२. किंमत वाढली आणि खर्चही वाढला, म्हणजे पुन्हा कमी लवचीक. दोन रस्त्यांनी एकाच ठिकाणी पोहोचलो.

दुसऱ्या वस्तूची किंमतही ४० वरून ४४ झाली, पण मागणी ५० वरून ४० वर घसरली. मागणीतला बदल २० टक्के, लवचिकता २. खर्च २,००० वरून १,७६० वर आला. किंमत वाढली आणि खर्च घटला, म्हणजे जास्त लवचीक. ज्या वस्तूला सहज पर्याय मिळतो तिचं असं होतं.

प्रत्येक उदाहरण असं दोन्ही पद्धतींनी सोडवा. मात्र किमतीतला बदल १० टक्क्यांच्या आसपास ठेवा. मोठा बदल घेतला तर दोन पद्धतींची उत्तरं जुळतीलच असं नाही. किंमत २० वरून २५ आणि मागणी १०० वरून ८० अशी घेऊन बघा. शेकडा पद्धतीने ०.८ येईल, पण खर्च दोन्ही वेळा २,००० च राहतो, म्हणजे एकूण खर्च पद्धत ‘एकक लवचीक’ म्हणते. चूक तुमची नसते. टक्केवारी कोणत्या आकड्यावर काढायची, या प्रश्नामुळे हा फरक पडतो.

निर्देशांक: एक उदाहरण तीन पद्धतींनी

किमती आधार वर्षाच्या तुलनेत किती बदलल्या ते सांगणारा आकडा म्हणजे किमतीचा निर्देशांक. पैकीच्या पैकी गुण देणारं हे प्रकरण आहे, तरी कलाशाखेतली बरीच मुलं ते सोडून देतात. दहावीपर्यंतचे गुणाकार आणि बेरजा एवढंच त्यात लागतं.

गहू, साखर आणि कांदे घ्या. आधार वर्षातल्या किमती २०, ४० आणि १० रुपये किलो. चालू वर्षातल्या ३०, ५० आणि १५. साध्या पद्धतीने चालू किमतींची बेरीज ९५, आधार वर्षाची ७०. भागाकाराला १०० ने गुणलं की १३५.७१.

पण घरात गहू आणि साखर सारखीच लागते का? नाही. म्हणून नगसंख्येचा भार द्यायचा. आधार वर्षात हे घर ५ किलो गहू, २ किलो साखर आणि २ किलो कांदे घेत होतं. त्या नगांना चालू किमतीने गुणा: १५०, १०० आणि ३०, बेरीज २८०. त्याच नगांना आधार वर्षाच्या किमतीने गुणा: १००, ८० आणि २०, बेरीज २००. निर्देशांक १४०. हा लास्पेअरचा निर्देशांक, १८७१ चा.

पाश्चे यांनी १८७४ मध्ये चालू वर्षाचे नग घ्यायला सांगितलं. आता घर ४ किलो गहू, ३ किलो साखर आणि ५ किलो कांदे घेतं असं धरा. चालू किमतीने १२०, १५० आणि ७५, एकूण ३४५. आधार किमतीने ८०, १२० आणि ५०, एकूण २५०. निर्देशांक १३८.

किमती त्याच, उत्तरं तीन. ‘महागाई किती वाढली’ याला एकच उत्तर का नसतं, हे या अर्ध्या पानाच्या गणितातून दिसतं. लक्षात ठेवायची खूण सोपी आहे: लास्पेअर जुने नग धरतात, पाश्चे नवे. तक्त्यात नेहमी हे रकाने आखा: वस्तू, दोन किमती, दोन नग आणि चार गुणाकारांपैकी जे लागतील ते. बेरजेची ओळ रेघ मारून वेगळी दाखवा आणि सूत्र लिहूनच आकडे भरा.

अकरावीच्या विभाजन मूल्यांबद्दल, म्हणजे आकड्यांचे समान भाग पाडणाऱ्या मूल्यांबद्दल, थोडक्यात. आकडे आधी चढत्या क्रमाने लावा. सात मुलांचे गुण १२, १८, ९, १५, २०, ७, ११ असतील तर क्रम ७, ९, ११, १२, १५, १८, २० असा होईल. पहिलं चतुर्थक दुसऱ्या क्रमांकावर, म्हणजे ९. तिसरं सहाव्यावर, म्हणजे १८. दुसरं चतुर्थक, पाचवं दशमक आणि पन्नासावं शतमक हे तिन्ही एकच, म्हणजे मध्यका १२. या प्रकरणातल्या बहुतेक चुका क्रम न लावल्यामुळे होतात.

राष्ट्रीय उत्पन्नातली दुहेरी गणना

शेतकऱ्याने १०० रुपयांचा कापूस विकला. गिरणीने त्याचं सूत करून १६० ला विकलं, विणकराने कापड २५० ला, शिंप्याने शर्ट ४०० ला. सगळ्यांची बेरीज ९१० होते, पण देशात नव्याने तयार झालं ते ४०० रुपयांचंच, कारण शर्टात कापूस, सूत आणि कापड आधीच मोजलं गेलंय. आता प्रत्येकाने घातलेली भर मोजा: १००, ६०, ९०, १५०. बेरीज ४००. अंतिम वस्तू पद्धत आणि मूल्यवर्धित पद्धत एकाच उत्तराला येतात. दुहेरी गणनेची समस्या विचारली तर हा चार ओळींचा तक्ता उत्तरात काढाच.

इथे स्थूल म्हणजे ग्रॉस. स्थूल आणि निव्वळ यांत घसारा, म्हणजे यंत्रं-इमारतींची झीज, असतो. देशांतर्गत आणि राष्ट्रीय यांत परदेशातून मिळालेलं निव्वळ उत्पन्न असतं. हे दोन फरक पक्के झाले की संकल्पनांचा गुंता सुटतो. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या दादाभाई नौरोजी यांनी १८६७-६८ साठी भारतीयांचं दरडोई उत्पन्न २० रुपये मांडलं. जनगणना आणि सांख्यिकीची यंत्रणा उभी राहण्याआधीचं हे काम आहे. मोजमापातल्या अडचणी वाचताना ते आठवा.

वर्तमानपत्रातली प्रकरणं

सार्वजनिक वित्त, वित्त बाजार आणि विदेशी व्यापार या प्रकरणांत व्याख्या आणि सनावळ्या जास्त आहेत. नुसत्या सनावळ्या टिकत नाहीत, त्यांना कारण जोडावं लागतं. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी खाजगी भागधारकांची संस्था म्हणून सुरू झाली, म्हणूनच १९४९ मध्ये तिचं राष्ट्रीयीकरण करावं लागलं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सेबी १९८८ मध्ये स्थापन झाली, पण तिला कायद्याचे अधिकार १९९२ मध्ये मिळाले. शेअर बाजारातला त्याच वर्षी उघड झालेला घोटाळा वाचलात तर नियामक संस्था कशाला लागते हे वेगळं सांगावं लागणार नाही. नाणे बाजार एक वर्षापर्यंतच्या पैशाचा, भांडवल बाजार त्याहून दीर्घ मुदतीचा. म्हणून ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची कोषागार विपत्रं (सरकारची अल्पमुदतीची कर्जपत्रं, ट्रेझरी बिल्स) नाणे बाजारात येतात.

वर्षातले काही दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा. केंद्राचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो. त्या दिवशी ‘वित्तीय तूट’ हा शब्द बातमीत शोधा आणि महसुली खर्च व भांडवली खर्चाचं एकेक उदाहरण वहीत उतरवा. शिक्षकांचे पगार महसुली, नवा पूल भांडवली. साधारण दर दोन महिन्यांनी रिझर्व्ह बँकेचं पतधोरण जाहीर होतं. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, बदलला तर घराच्या कर्जाचा हप्ता का बदलतो, हे घरी समजावून सांगा. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या आधी येणारी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी अकरावीच्या मुलांनी आवर्जून चाळावी, कारण त्यांना महाराष्ट्राच्या अर्थव्यवस्थेवर स्वतंत्र प्रकरण आहे.

अकरावीच्या दारिद्र्य आणि बेरोजगारीच्या प्रकरणांत योजनांची नावं रटू नका, एका योजनेचा माग काढा. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी मांडली. १९७२ च्या दुष्काळात ती महाराष्ट्रभर राबवली गेली, १९७७ मध्ये राज्याने तिचा कायदा केला आणि २००५ मध्ये देशपातळीवर तसा कायदा झाला. त्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं अजून गावोगावी आहेत. त्यांच्याशी तासभर बोललात तर हंगामी बेरोजगारी म्हणजे काय ते पुस्तकापेक्षा स्पष्ट कळेल.

प्रकल्प स्वतःचा असू द्या

बाजारात तयार प्रकल्प मिळतात. ते आणू नका. घरातल्या दहा वस्तू निवडा, पहिला आठवडा आधार धरा आणि ओळीने आठ आठवडे एकाच दुकानातले भाव लिहा. आई महिन्याला काय किती आणते ते विचारून भार ठरवा आणि घरचा निर्देशांक काढा. शेवटी कोणत्या वस्तूने तो सर्वाधिक वर नेला ते लिहा. तोंडी परीक्षेत काहीही विचारलं तरी उत्तर येईल, कारण आकडे तुम्ही स्वतः गोळा केलेले असतील. याखेरीज आठवडी बाजारातल्या पाच विक्रेत्यांशी बोलून भाव कोण ठरवतं हे शोधणं किंवा गावच्या बचत गटाच्या वर्षभराच्या कर्जव्यवहाराची मांडणी करणं, हेही चांगले विषय आहेत. बचत गटाच्या बाबतीत मात्र आधी अध्यक्षताईंची परवानगी घ्या आणि सभासदांची नावं लिहू नका.

उत्तर लिहिण्याचा सराव

लेखी परीक्षा ८० गुणांची आणि तीन तासांची, बाकी २० गुण अंतर्गत. नव्या पाठ्यपुस्तकानंतरच्या आराखड्यात पहिला प्रश्न २० गुणांचा वस्तुनिष्ठ, दुसरा संकल्पना ओळखा व फरक स्पष्ट करा यांचा १२ गुणांचा, तिसरा थोडक्यात उत्तरांचा १२, चौथा सहमत-असहमतचा १२, पाचवा तक्ता, आकृती किंवा उतारा यांवर ८ आणि सहावा सविस्तर उत्तरांचा १६ गुणांचा. तुमच्या वर्षाची कृतिपत्रिका महाविद्यालयातून मिळवून एकदा पडताळून घ्या.

‘सहमत आहात का?’ या प्रश्नात पहिल्या ओळीत बाजू स्पष्ट लिहा, मग कारणं द्या. ‘मिठाची मागणी जास्त लवचीक असते’ असं विधान असेल तर: मी या विधानाशी असहमत आहे. मीठ ही जीवनावश्यक वस्तू आहे, तिला पर्याय नाही, आणि घराच्या एकूण खर्चात तिचा वाटा अगदी लहान आहे, म्हणून भाव वाढला तरी मागणी फारशी घटत नाही. चार गुणांसाठी मुद्दे एवढेच, प्रत्येकाखाली एक-दोन वाक्यं. मिठाची व्याख्या आणि लवचिकतेचे सगळे प्रकार लिहीत बसू नका.

‘संकल्पना ओळखा’ मध्ये नावाला एक गुण आणि स्पष्टीकरणाला एक. नाव लिहून पुढच्या प्रश्नावर गेलात तर निम्मे गुण सुटले. प्रश्नातलं उदाहरण उचलून स्पष्टीकरणात वापरा.

सविस्तर उत्तरात सिद्धांत असेल तर प्रस्तावना, विधान, गृहीतके, तक्ता, आकृती, स्पष्टीकरण आणि विचारले असतील तर अपवाद असा क्रम ठेवा. घरी घड्याळ लावून आठवड्याला असं एक उत्तर वीस मिनिटांत लिहा. मग पुस्तक उघडून लाल पेनाने स्वतः तपासा. मैत्रिणीची वही तपासलीत तर आणखी बरं, दुसऱ्याच्या उत्तरातली पोकळ वाक्यं लगेच दिसतात.

डिसेंबरपर्यंत सगळी प्रकरणं एकदा संपवा. जानेवारीत किमान पाच पूर्ण पेपर तीन तास बसून सोडवा. फक्त ‘अपेक्षित प्रश्न’ करून जाऊ नका, वस्तुनिष्ठ वीस गुण पुस्तकाच्या कोणत्याही कोपऱ्यातून येतात. शेवटच्या आठवड्यात नवं काही नको, संकल्पनांची वही आणि आकृत्या पुरेत.

परीक्षेच्या तीन तासांत

पहिल्या प्रश्नाला २५ मिनिटं, दुसऱ्याला २५, तिसऱ्या आणि चौथ्याला प्रत्येकी ३०, पाचव्याला २० आणि सहाव्याला ४०. दहा मिनिटं उरतात. तक्त्याचा प्रश्न आधी पूर्ण वाचा, एकक बघा, मग आकडे भरा. एखादी आकृती अडली तर जागा सोडून पुढे जा.

उरलेल्या दहा मिनिटांत उत्तरपत्रिका पहिल्या पानापासून उलटा आणि फक्त तीन गोष्टी बघा: प्रत्येक आकृतीच्या दोन्ही अक्षांना नाव आहे का, प्रत्येक सहमत-असहमतच्या उत्तरात बाजू लिहिली आहे का, आणि मागणीच्या सिद्धांताच्या विधानात ‘इतर परिस्थिती कायम असताना’ हे शब्द आले आहेत का.